उधाणाच्या दिवशी कॅमेरा घेऊन कुठे उभं राहायचं?

प्रश्न : मी 24 वर्षांचा आहे, डोंबिवलीला राहतो. माझ्याकडे साधा, सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर आहे आणि 18-55 व 55-250 अशा दोन लेन्स. जुलैत मोठी भरती असेल त्या दिवशी वांद्र्याला बँडस्टँडच्या खडकांवर उतरून लाटांचे फोटो काढायचा विचार आहे. मागच्या पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला काढलेले सगळे फोटो पुसट आले, लेन्सवर नुसते थेंब. मित्र म्हणतो, कमरेला दोर बांध, मी मागून धरतो. आई म्हणते, अजिबात जायचं नाही. जवळ न जाता चांगला फोटो मिळतो का? आणि कॅमेरा या हवेत कसा टिकवायचा? – स. पां.

उत्तर : दोराचं आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात धोकादायक भाग तोच आहे. समुद्राचं एक घनमीटर पाणी 1025 किलोच्या आसपास भरतं. कातळावरून मोठी लाट जाते तेव्हा असे कित्येक घनमीटर दोन-तीन सेकंदांत अंगावर येतात आणि लगेच परत फिरतात. त्या ओढीपुढे मित्राचे हात टिकणार नाहीत. टिकलेच, तर तुम्ही दोराच्या टोकाला कातळावर आपटत राहाल. आणि त्याने दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधलेलं असेल तर दोघंही पाण्यात. दोर घरीच ठेवा.

आईंचं मात्र निम्मंच पटतं. जायला हरकत नाही, खडकांवर उतरायला आहे.

बँडस्टँडचा कातळ ओहोटीला फार सोयीचा वाटतो. लोक चालत पार टोकापर्यंत जातात. पण तो सपाट नाही, मधे सखल चर आहेत, आणि भरतीचं पाणी आधी चरांत शिरतं. तुम्ही समुद्राकडे तोंड करून कॅमेऱ्यात डोळा घातलेला असतो आणि पाणी पाठीमागून, तुम्ही आलात त्याच वाटेवर भरत असतं. भरती सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग दोन आणि शेवटी एक. उधाणाला ओहोटी-भरतीत 4 मीटरचा फरक धरला, तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला एक मीटर चढतं. पहिल्या तासात काहीच घडलं नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस नेमका तिसऱ्या तासात अडकतो. वर हिरवं शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा. तिथे धावता येत नाही.

आता फोटोचा मुद्दा. खडकावरून लाटेचा चांगला फोटो मिळतच नाही. समोरून येणारी लाट म्हणजे फक्त एक पांढरी भिंत. ती किती उंच आहे हे सांगायला चौकटीत शेजारी काही नसतं, आणि ती फुटते त्याच क्षणी लेन्स भिजते. लाट मोठी दिसते ती बाजूने, लांबून, आणि तिच्यालगत दिव्याचा खांब, टॅक्सी, भिंत असं मापाचं काही असेल तेव्हा. तुमची 55-250 त्यासाठी पुरेशी आहे. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर 250 मिमीला 100 मीटर लांबून साधारण 9 मीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. कॅमेरा उभा धरून लेन्स 200 मिमीवर ठेवली तर त्याच अंतरावरून 11 मीटर उंची मावते, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून उसळणारी चांगली दणदणीत लाट वर थोडं आभाळ ठेवूनही बसते. 18-55 त्या दिवशी घरीच राहू द्या. ती सोबत असली की माणूस पुढे पुढे सरकतो.

जागा. मरीन ड्राइव्हला समुद्राच्या कट्ट्यावर नाही, तर रस्त्यापलीकडे, इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवर उभे राहा. मधे सहा लेनचा रस्ता राहतो. लाट जिथे उसळते आहे तिच्या थेट समोर थांबू नका. शंभर-दीडशे मीटर बाजूला जा आणि वळणाच्या दिशेने तिरके पाहा. किनाऱ्याची कमान, दिव्यांची रांग आणि मधे उठलेला फेस हे सगळं लांब लेन्समध्ये एकमेकांजवळ येतं. कट्ट्यापलीकडचे टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, लाटेचा जोर मोडायला टाकलेले आहेत, चालायला नाहीत. त्यांच्या फटींत माणूस सहज अडकतो, आणि वरून पाणी येत असताना त्याला बाहेर काढणं अग्निशमन दलालाही जड जातं.

वांद्र्याचाच हट्ट असेल तर बँडस्टँडच्या टोकाला वांद्रे किल्ला आहे. त्याच्या वरच्या भागातून खालचे खडक, त्यांवर फुटणारं पाणी आणि मागे सी लिंक अशी चौकट मिळते. उंचीमुळे लाटांच्या ओळीही दिसतात, ज्या पाण्याच्या पातळीवरून कधीच दिसत नाहीत. तिथेही कठड्याच्या आतच राहायचं. वरळी सी फेसचे जुने फोटो पाहून बेत आखू नका, कोस्टल रोडच्या भरावानंतर तिथला किनारा बदलला आहे. आणि कोस्टल रोडवर गाडी थांबवून फोटो काढणं म्हणजे समुद्राआधी ट्रकला आमंत्रण. जुहू, अक्सा या वाळूच्या किनाऱ्यांवर लाटा लांबवर आडव्या फुटतात, उसळत नाहीत. अक्साला तर पायाखालची ओढच जिवावर बेतते. गेटवे बंदराच्या बाजूला आहे, नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा तिथे थेट पोहोचत नाहीत. तुमच्या कामाची ठिकाणं मुळात दोनच.

दिवस कसा निवडायचा? पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते, ती वर्तमानपत्रांत छापून येते. तिच्यावर हमखास मथळा असतो, ‘आज 4.8 मीटर उंच लाटा उसळणार’. हे साफ चूक आहे. 4.8 मीटर ही लाटेची उंची नव्हे, पाण्याची पातळी आहे, तीसुद्धा नकाशावरच्या खालच्या ओहोटीच्या रेषेपासून मोजलेली. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या रेषेच्या सुमारे अडीच मीटर वर असते. वारा नसेल तर 4.8 मीटरच्या भरतीलाही पाणी कट्ट्यापर्यंत तुडुंब भरतं आणि शांतपणे उतरतं. उलट 4.2 मीटरचीच भरती असली आणि अरबी समुद्रातून जोरदार लाटा येत असल्या, तर पाणी रस्त्यावर येतं. म्हणून दोन गोष्टी जुळवून पाहाव्या लागतात. भरतीची वेळ आणि उंची वेळापत्रकातून घ्यायची. खोल समुद्रातल्या लाटांची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजातून घ्यायचे. तीन मीटरच्या पुढची उंची आणि दहा सेकंदांच्या पुढचं अंतर असेल तर उसळी मोठी मिळणार. त्याच दिवशी खूप सावधही राहायचं. वेळापत्रकातला आकडा चंद्र-सूर्याच्या गणिताचा असतो, त्यात वारा आणि हवेचा दाब धरलेला नसतो. दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं, वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वेगळंच.

वेळापत्रक हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब ढोबळमानाने चालतो. पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. सगळ्यात मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. म्हणजे मुंबईत मोठ्या भरत्या दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पडतात. प्रकाश सपाट, करडा. तो तसाच स्वीकारायचा.

भरतीच्या दीड तास आधी पोहोचा आणि पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवा. लाटा गटाने येतात. काही मिनिटं मध्यम लाटा, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा मध्यम. पहिली पाच मिनिटं पाहून ‘पाणी इथपर्यंतच येतंय’ असा निष्कर्ष काढणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. सागरी अंदाजात लाटेची जी उंची देतात ती मोठ्यातल्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. हजारभर लाटांत एखादी तिच्या जवळजवळ दुप्पट निघू शकते. दहा सेकंदांना एक लाट धरली तर हजार लाटा पावणेतीन तासांत होतात, म्हणजे तुम्ही तिथे असाल तेवढ्याच वेळात. एरवी कोरडी जमीन सुरक्षित समजतात, पण पावसात सगळंच ओलं. अशा वेळी कचरा पाहायचा. मरीन ड्राइव्हच्या पदपथावर लाट आपल्यासोबत प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, बारीक खडी आणून टाकते. ती ओळ जिथे संपते तिथवर पाणी आलेलं आहे. त्या ओळीच्या वीस पावलं मागे उभे राहा. दगडही उडतात, तोंडावर बसला तर लाट न लागताही दवाखाना.

छत्री नको, वाऱ्यात ती तुम्हालाच ओढते. रेनकोट घाला, पण टोपडं मागे टाका आणि डोक्यावर साधी टोपी घाला. टोपड्याने बाजूचं दिसत नाही आणि मागून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. पायात फ्लोटर किंवा स्लिपर नको, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. मित्राला दोर धरायला नाही, समुद्राकडे पाहायला न्या. तुमचा डोळा कॅमेऱ्यात असेल तेव्हा त्याची नजर पाण्यावर हवी, मोबाइलवर नाही. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पोलिसांनी शिट्टी मारली की निघायचं, हुज्जत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल किंवा अरबी समुद्रात चक्रीवादळ असेल, तर कुठलीही जागा सुरक्षित धरू नका. तेव्हा धोका फक्त समुद्राचा नसतो. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पडलं ते किनाऱ्यापासून लांबच होतं.

आता तुमच्या पुसट फोटोंकडे. वारा नैऋत्येचा आणि तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे, म्हणजे पाऊस आणि खारे तुषार सरळ काचेवर. तिरकं उभं राहिलात की हा त्रास निम्मा होतो. लेन्सला हूड लावा आणि लाट येईपर्यंत कॅमेरा खाली तोंड करून धरा. पुढे साधा यूव्ही फिल्टर हवाच, इतर वेळी त्याची गरज नसली तरी. पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) मात्र काढून ठेवा, तो आधीच कमी असलेला प्रकाश दीड-दोन स्टॉपने, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणतो. फिल्टरवर खारं पाणी बसलं की लोक रुमालाने पुसतात आणि तिथेच फोटो जातो. मीठ पुसलं जात नाही, पसरतं, आणि त्याचा तेलकट पापुद्रा सगळं पांढुरकं करतो. खिशात गोड्या पाण्याची छोटी बाटली ठेवा. काचेवर दोन-चार थेंब सोडा, आधी एका मायक्रोफायबर फडक्याने टिपून घ्या, चोळू नका, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा. चार फडकी वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत न्या. हात पुसायला सुती पंचा वेगळा. ओल्या बोटांनी काच पुन्हा भिजते.

पुसट येण्याचं दुसरं कारण फोकस. समोर पावसाची धार असली की ऑटोफोकस थेंबांमागे भटकतो. ज्या कट्ट्यावर लाट आपटते त्याच्या कडेवर एकदा फोकस करा आणि लेन्सवरचं बटण एमएफवर (हाताने फोकस) सरकवा. जागा बदलली की पुन्हा करा.

एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा. एफ/5.6 किंवा 7.1, शटर 1/500, आयएसओ 400 ते 1600. दुपारच्या ढगाळ उजेडात एवढं पुरतं. कॅमेऱ्याच्या हिशेबावर सोडलंत तर करड्या आभाळापुढचा पांढरा फेस तो राखाडी करून टाकतो आणि काळ्या टेट्रापॉडपुढचा फेस जाळून टाकतो. एक फोटो काढून पडद्यावर लुकलुकणारे, म्हणजे जळून पांढरे झालेले, भाग पाहा. फेसाच्या अगदी टोकाला थोडं लुकलुकत असेल तर ठीक, अख्खा पट्टा लुकलुकला तर शटर 1/640 किंवा 1/800 करा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

शटरबद्दल एक मत देतो. सगळे 1/2000 वर काढतात आणि लाट काचेसारखी गोठलेली, निर्जीव दिसते. 1/320 ते 1/500 मध्ये थेंब लांबट राहतात, पाण्याचा वेग दिसतो. यात एक गंमत आहे. उसळलेलं पाणी सगळ्यात वर पोहोचतं तेव्हा क्षणभर जवळपास थांबलेलं असतं, त्यामुळे तिथे कमी वेगाचं शटरही पुरतं. लाट भिंतीवर आपटल्यापासून फेस 5 मीटर चढायला एक सेकंद लागतो, 8 मीटरला सव्वा सेकंद. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यात रॉचे सहा-आठ फोटो सलग काढले की बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती तात्पुरती जागा) भरतो आणि कॅमेरा अडतो. आपटताक्षणी बटण दाबून धरलंत तर शिखराच्या वेळीच तो अडलेला असतो. म्हणून आपटल्यावर अर्धा सेकंद थांबा, मग दाबा. आवाजावर जाऊ नका, 100 मीटरवरून दणका 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. पाणीच पाहायचं.

ट्रायपॉड नेऊ नका. वाऱ्यात तो थरथरतो, शिवाय निसटायची वेळ आली तर पायात येतो. फोटो मोबाइलने काढणार असाल तर डिजिटल झूम टाळा, टेली कॅमेरा असेल तरच अर्थ आहे. ओल्या पडद्यावर स्पर्श चालत नाही, आवाजाच्या बटणाने क्लिक करा. आणि ‘वॉटरप्रूफ’ वर विसंबू नका, त्या चाचण्या गोड्या पाण्याच्या असतात.

तुमच्या कॅमेऱ्याला आणि लेन्सला पाणी अडवणारी सीलं नाहीत. मोठी, जाड, पारदर्शक पिशवी घ्या, एका कोपऱ्याला हूडएवढं भोक पाडून ते हूडवर दोन रबरबँडनी घट्ट बसवा, दुसरी बाजू खाली उघडी ठेवा आणि तिच्यातून हात घाला. वरून बंद, खालून उघडी. उलट झालं की पाणी आतच साचतं. बाहेर असताना लेन्स किंवा कार्ड बदलायचं नाही. एसी लोकलने आलात तर थंडगार काचेवर बाहेर येताच वाफ धरते, ती पुसून जात नाही. स्टेशनातून बाहेर पडल्यावर बॅग न उघडता अर्धा तास जाऊ द्या, नाहीतरी वीस मिनिटं लाटा पाहायच्याच आहेत.

कोणी पाण्यात पडलंच, तर मागे उडी मारायची नाही. 112 किंवा अग्निशमन दलाचा 101 लावा, जवळच्या दिव्याच्या खांबाचा किंवा इमारतीचा पत्ता सांगा, तरंगेल असं काहीही फेका, मोकळं बंद पिंपसुद्धा. आणि एका माणसाने बोट रोखून त्या डोक्यावरून नजर हलवायची नाही. लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडणं कठीण.

परतीचं गणितही भरतीवरच आहे. पाणी वर असताना शहरातले नाले समुद्रात रिकामे होऊ शकत नाहीत, तेव्हाच जोराचा पाऊस आला तर शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी. तुम्हाला डोंबिवली गाठायची आहे. पाऊस एकसारखा कोसळू लागला तर भरतीचा शिखरक्षण सोडून द्या आणि गाडी पकडा.

घरी पोहोचल्यावर जेवणाआधी कॅमेरा. लेन्स न काढता, गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने सगळं अंग, बटणांच्या कडा, झूमची रिंग पुसा, मग कोरड्या फडक्याने. फिल्टर काढून नळाखाली धुवा. बॅटरीचं झाकण बाहेरून पूर्ण कोरडं झाल्यावरच उघडा. पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, तांदळाचा डबा तर नकोच, त्याने फक्त पीठ आत जातं. रात्रीपर्यंत सगळं हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, पाव किलो सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक यांच्यासोबत. काटा 40 ते 50 टक्क्यांवर हवा. 60 च्या वर आठवडे राहिला तर काचेच्या आत बुरशी धरते, आणि जुलैत मुंबई-डोंबिवलीची हवा 80 च्या वरच असते. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर निळं होईपर्यंत परता, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.